हजेरीला एकोणीसच माणसं

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ज्यांचा दिवसाचा डेटा दुपारीच संपतो, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय.

मागच्या आठवड्यात मानवतकडच्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. त्याचा भाऊ जिनिंगमध्ये कामाला. मागच्या हंगामात चालू पट्ट्यात गळ्यातला रुमाल अडकला, तो सोडवायला गेला तर हात गेला. दोन बोटं तुटली. मालकाने दवाखान्याचं बिल भरलं आणि वर म्हणाला, "आपल्याकडं कारखान्याचा कायदा लागतच नाही." मुलगा विचारतोय, दादा, असं असतं का?

असू शकतं. पण बहुतेक वेळा नसतं. ते कसं, तेच सांगतो.

1948 च्या कारखाने अधिनियमात साधा हिशोब होता: वीज वापरून काम चालतं आणि 10 माणसं आहेत, तर तो कारखाना. महाराष्ट्राने 2015 मध्ये दुरुस्ती करून 10 चे 20 केले, बिनविजेच्या ठिकाणी 20 चे 40. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशभर नवी व्यावसायिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यातही 20 आणि 40 च आहेत. म्हणून आपल्या भागात 19 हा आकडा फार लाडका. परभणी, मानवत, सेलूकडे हंगामात एखाद्या जिनिंगमध्ये चक्कर मारा. कापूस ओढणारे, मशीनला टाकणारे, रुई दाबून गाठी बांधणारे, सरकी भरणारे, सहज तीसेक माणसं दिसतील. हजेरीत मात्र मुनीम, फिटर, वॉचमन धरून दहा-बारा नावं. बाकीचे 'मुकादमाचे'.

इथंच मेख आहे. कायद्यात 'कामगार' म्हणजे थेट ठेवलेला किंवा ठेकेदारामार्फत आलेला, दोन्ही. म्हणजे मुकादमाची माणसंही मोजायची. दुसरं, 1948 च्या व्याख्येप्रमाणे मागच्या बारा महिन्यांत कुठल्याही एका दिवशी आकडा भरला तरी पुरे. दिवाळीनंतरचा एक गर्दीचा दिवस, एवढंच.

आणि हंगामाची पळवाट आजची नाही बरं का. 1881 चा पहिला कारखाना कायदा 100 माणसांच्या पुढे होता, आणि वर्षात चार महिन्यांपेक्षा जास्त चालणाऱ्यालाच लागायचा. जिनिंग थोड्या महिन्यांचा धंदा, त्यामुळे तो बाहेरच. आपली परभणी तर तेव्हा निजामाकडे, हा इंग्रजी कायदा इथे आलाच नाही.

आता रुमालाकडे येऊ. फिरणाऱ्या भागाला जाळी किंवा कव्हर पाहिजे, हे 1948 च्या कलम 21 मध्ये होतं. कलम 22 म्हणायचं की चालू मशीनला हात लावायचाच असेल, तर शिकवलेल्या प्रौढ माणसाने, अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून, आणि ते कपडे मालकाने द्यायचे. मी आजवर ज्या जिनिंग पाहिल्या, तिथे रुईच्या धुळीपासून वाचायला लोक तोंडाला रुमालच बांधतात. मास्क दिला असता तर रुमाल लागलाच नसता. 'पोराचीच चूक' म्हणणाऱ्यांना हे ऐकवा.

मग हे बघायचं कोणी? पोलिसांनी नाही. महाराष्ट्रात त्यासाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे. पगाराची तक्रार कामगार आयुक्तांकडे, जाळी-पट्ट्याची इकडे. लोक चुकीच्या दारात जातात आणि दमून परत येतात. मोठ्या कारखान्यात निदान सुरक्षा अधिकारी असतो. नव्या संहितेत तो 500 कामगारांपासून, धोकादायक ठिकाणी 250 पासून. जिनिंगमध्ये एवढी माणसं नसतातच, म्हणजे सगळी भिस्त बाहेरून येणाऱ्या निरीक्षकावर. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा अंदाजपट्टा असा की सगळ्यात गरीब देशांतही 40,000 कामगारांमागे एक निरीक्षक असावा. आणि नुसता निरीक्षक येऊन भागत नाही. सप्टेंबर 2012 मध्ये कराचीच्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला आग लागून अडीचशेवर माणसं गेली. त्याच्या काही आठवडे आधीच त्या कारखान्याला एका खासगी तपासणीतून सुरक्षिततेचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं होतं. कागद चोख, दारं बंद.

बरं, कुठलाच आकडा न लागणारी जागा असेल तर? मे 2023 मध्ये सोनपेठ तालुक्यात भाऊचा तांडा इथे सेप्टिक टँक साफ करताना पाच जण गुदमरून गेले. तिथे कारखान्याचा निरीक्षक कधीच फिरकला नसता. तिथे 2013 चा हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा लागतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये गटारातल्या मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली. माणसं गेल्यावरचा हिशोब तो.

तर मानवतच्या भावा, तुझ्यासाठी. भरपाईचा हक्क 20 माणसांवर अवलंबून नाही, तो 1923 पासूनचा वेगळा कायदा, आता सामाजिक सुरक्षा संहितेत आलाय. मालकाने बिल भरलं म्हणजे तो संपला असं नाही. दवाखान्याचे सगळे कागद, एक्स-रे जपून ठेव. त्या दिवशी कामावर कोण कोण होतं, त्यांची नावं लिहून काढ, मुकादमाचीसुद्धा. 1987 च्या दुरुस्तीपासून कायद्यात असंही होतं की निरीक्षकाने तक्रार कोणी केली हे सांगायचं नाही, आणि तक्रारीवरून आलोय हेही कळू द्यायचं नाही. आता तू म्हणशील, तीस माणसांच्या जिनिंगमध्ये दोन बोटं कोणाची गेली हे सगळ्यांनाच माहीत आहे. खरंय. म्हणूनच एकट्याच्या नावाने देऊ नका, पाच-सहा जणांच्या सह्या घ्या. दिवाळीला कापूस यायच्या आत अर्ज गेला पाहिजे, मशीन चालू व्हायच्या आधी.