रक्तवाहिन्यर्बुद, कवटीचे

कवटीच्या अस्थींमधील रक्तवाहिन्यांच्या अतिरिक्त वाढीमुळे निर्माण होणाऱ्या साध्या (मारक नसलेल्या) अर्बुदाला, म्हणजे शरीराला निरुपयोगी असणाऱ्या नववृद्धीच्या गाठीला, ‘कवटीचे रक्तवाहिन्यर्बुद’ म्हणतात. अस्थींच्या सर्व अर्बुदांत रक्तवाहिन्यर्बुदांचे प्रमाण सुमारे १% असते. ती बहुधा कशेरुकांत (मणक्यांत) आढळतात व त्यांच्या खालोखाल कवटीत होतात. ब्रिटिश कर्णरोगतज्ञ जोसेफ टॉयन्बी यांनी १८४५ मध्ये अस्थीतील अशा अर्बुदांचे वर्णन केले होते.

कवटीच्या चपट्या अस्थीत बाहेरचे व आतले अशी दोन घट्ट पटले असून त्यांच्यामध्ये स्पंजासारखा, रक्तवाहिन्यायुक्त स्तर असतो. अर्बुदाचा उगम या मधल्या स्तरात होतो. त्यात रक्ताने भरलेल्या, पातळ भित्तींच्या पोकळ्या व त्यांमधून गेलेल्या बारीक अस्थिपट्टिका दिसतात. वाढीबरोबर बाहेरचे पटल फुगून पातळ होते. आतले पटल मात्र बहुधा शाबूत राहत असल्याने मेंदूवर दाब क्वचितच पडतो.

हा विकार मध्यम वयात व स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. कपाळावर किंवा डोक्याच्या वरच्या बाजूस सावकाश वाढणारे, कठीण व सहसा न दुखणारे टेंगूळ हे मुख्य लक्षण होय. त्यावरील त्वचा सुटी असते. नेत्रकोटराच्या भित्तीत अर्बुद झाल्यास डोळा पुढे ढकलला जातो.

क्ष-किरण चित्रात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी किंवा सूर्यकिरणांप्रमाणे पसरलेल्या रेषा दिसतात. तथापि अशा रेषा अस्थीच्या काही मारक अर्बुदांतही दिसतात आणि इतर अवयवांतील कर्करोग कवटीत पसरल्यासही अस्थी झिजते. त्यामुळे केवळ चित्रावरून निदान निश्चित होत नाही. ऊतकाची सूक्ष्मदर्शकीय तपासणी आवश्यक असते. परंतु तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढताना पुष्कळ रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून गाठ अखंड काढून टाकणे हाच पुष्कळदा निदानाचा व उपचाराचा एकत्रित मार्ग ठरतो.

शस्त्रक्रियेत केसांच्या रेषेमागे छेद घेऊन शिरोत्वचा उलटवितात व अर्बुदाकडे जाणाऱ्या रोहिण्या बांधतात. नंतर सभोवारच्या निरोगी अस्थीत छिद्रे पाडून ती कापून जोडतात आणि अर्बुदात शस्त्र न घालता निरोगी अस्थीच्या कडेसह ते दृढतानिकेपासून (मेंदूच्या सर्वांत बाहेरील आवरणापासून) अलग करतात. अर्बुद फार मोठे असल्यास त्याच्या रोहिण्या शस्त्रक्रियेपूर्वी नलिकेवाटे बंद करता येतात. गाठ केवळ खरवडल्यास रक्तस्राव फार होतो व ती पुन्हा वाढण्याचा संभव राहतो. पडलेली पोकळी रुग्णाच्याच कवटीचे अस्थिपटल, टिटॅनियमाची जाळी किंवा ॲक्रिलिक यांनी भरून काढतात.

किरणोपचाराने वाढ थांबली तरी टेंगूळ नाहीसे होत नाही. शिवाय पुढे मारक बदलाचा धोका असल्याने तो शस्त्रक्रिया अशक्य असतानाच विचारात घेतात. लहान व त्रास न देणाऱ्या अर्बुदाचे स्वरूप स्पष्ट असल्यास त्यावर केवळ लक्ष ठेवणे पुरते. संपूर्ण उच्छेदनानंतर विकार सहसा उलटत नाही.