हृदयावरील खुल्या शस्त्रक्रियेत बाहेरचे रक्त देणे कसे टाळले जाते?

नवी दिल्ली : हृदयावरील खुल्या शस्त्रक्रियेची तारीख मिळाली की राजधानी परिसरात उपचारासाठी आलेल्या नातेवाइकांसमोर रक्तदात्यांचा प्रश्न उभा राहतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानुसार पैसे घेऊन रक्त देण्यावर १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे. त्यामुळे घेतलेल्या पिशव्यांच्या बदल्यात कुटुंबानेच दाते आणावेत, अशी अपेक्षा अनेकदा असते. परराज्यांतून आलेल्या, दिल्लीत ओळखीपाळखी नसलेल्या कुटुंबांना ते कठीण जाते. मात्र अशा प्रत्येक शस्त्रक्रियेत बाहेरचे रक्त द्यावेच लागते, असे नाही.

रक्त का लागते?

शस्त्रक्रियेदरम्यान रक्ताभिसरण हृदय-फुफ्फुस यंत्राकडे सोपवले जाते. यंत्राच्या नळ्या आधी सलाईनसारख्या द्रवाने भरलेल्या असतात. हा द्रव रक्तात मिसळल्याने हिमोग्लोबिनचे प्रमाण घटते. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन दिले जाते, तर नळ्यांच्या संपर्काने प्लेटलेट्सची कार्यक्षमता कमी होते. परिणामी रक्तस्राव वाढू शकतो. मुळातच रक्तक्षय असलेल्या रुग्णाला ही घट अधिक जाणवते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिला व २५ टक्के पुरुष रक्तक्षयग्रस्त आहेत.

तयारी आधीपासून

नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी काही आठवडे हिमोग्लोबिन व लोहाची तपासणी केल्यास कमतरता भरून काढता येते. त्यासाठी गोळ्या किंवा शिरेवाटे लोह आणि निवडक रुग्णांना एरिथ्रोपोएटिन दिले जाते. क्लोपिडोग्रेलसारखे औषध साधारण पाच दिवस आधी थांबवले जाते. हा निर्णय मात्र डॉक्टरांनीच घ्यायचा असतो.

शस्त्रक्रियागृहात ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडने रक्तस्राव कमी केला जातो. आखूड नळ्या वापरल्यास रक्तात कमी द्रव मिसळतो. सांडलेले रक्त 'सेल सेव्हर' यंत्रात गोळा करून, धुऊन, त्याच रुग्णाला परत दिले जाते. बायपासच्या काही रुग्णांवर धडधडत्या हृदयावरच, यंत्राविना शस्त्रक्रिया करता येते. झडप बदलण्याच्या खुल्या शस्त्रक्रियेत तो पर्याय नसतो. नंतर अतिदक्षता विभागात चाचण्यांसाठी कमी रक्त काढणे, हाही बचतीचाच भाग ठरतो.

किती घट चालते?

धार्मिक श्रद्धेमुळे रक्त नाकारणाऱ्या 'यहोवाज विटनेसेस' पंथीयांवरील रक्ताविना केलेल्या ५४२ शस्त्रक्रियांचा अहवाल अमेरिकेतील ह्यूस्टन येथील डॉ. डेंटन कूली यांच्या पथकाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे १९ देशांत सुमारे पाच हजार रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. हिमोग्लोबिन ७.५ ग्रॅमखाली गेल्यावरच रक्त दिलेल्या गटात मृत्यू, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा डायलिसिसची वेळ ११.४ टक्के रुग्णांवर आली. अधिक पातळीवरच रक्त दिलेल्या गटात हे प्रमाण १२.५ टक्के होते. पहिल्या गटात ५२.३ टक्के, तर दुसऱ्या गटात ७२.६ टक्के रुग्णांना रक्त द्यावे लागले. म्हणजेच संयम बाळगल्याने धोका वाढला नाही. तरीही पहिल्या गटातील निम्म्याहून अधिक रुग्णांना रक्त लागलेच.

मर्यादा कोणत्या?

तातडीची किंवा दुसऱ्यांदा होणारी शस्त्रक्रिया, तान्ही बाळे आणि अनियंत्रित रक्तस्राव यांत रक्त टाळणे अवघड असते. अशा वेळी रक्त न देणे जिवावर बेतू शकते. त्यामुळे रक्त वाचवण्याचे नियोजन असले, तरी रक्तपेढीत तजवीज ठेवावीच लागते. रक्त घ्यायचेच नसेल, तर तो निर्णय आणि त्यातील धोके यांची शल्यविशारद व भूलतज्ज्ञांशी आधीच स्पष्ट चर्चा होणे आवश्यक आहे.

जागतिक आरोग्य सभेने २०१० मध्येच रुग्णाचे स्वतःचे रक्त जपण्याच्या पद्धतीला पाठिंबा दिला. लाल पेशी कमाल ४२ दिवसच साठवता येत असल्याने रक्ताचा मोठा साठा करून ठेवणे शक्य नसते. म्हणूनच एका शस्त्रक्रियेत वाचलेली पिशवी थॅलेसेमियाग्रस्त मुलाच्या किंवा अपघातग्रस्ताच्या उपयोगी पडते. शस्त्रक्रियेची तारीख घेतानाच हिमोग्लोबिन किती आहे, ते वाढवता येईल का आणि 'सेल सेव्हर' उपलब्ध आहे का, हे नातेवाइकांनी विचारणे हिताचे ठरते.