आहारविकृतींतील आत्मइजा व आवेगशीलता
आहारविकृतीने ग्रस्त अशा अनेक व्यक्तींत, मरणाचा हेतू नसताना स्वतःच्या शरीरास बुद्ध्या इजा करण्याची प्रवृत्ती आढळते. परिणामांचा विचार न करता ऊर्मीसरशी कृती करणे, म्हणजेच आवेगशीलता, हीदेखील त्यांच्यापैकी काहींत दिसते.

अन्न वर्ज्य करून वजन अतिशय घटविणे (ॲनोरेक्सिया नर्व्होझा) आणि अतिभक्षण करून वांती, उपवास इत्यादींनी त्याची भरपाई करणे (बुलिमिया नर्व्होझा) या दोन प्रमुख आहारविकृती होत. दुसरीचे वर्णन ब्रिटिश मानसोपचारज्ञ जेरल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये केले. काही रुग्णांत अतिभक्षण, मद्यासक्ती व आत्मइजा एकत्र असतात, हे लक्षात घेऊन लेसी व इव्हान्स यांनी १९८६ मध्ये ‘बहुआवेगी’ व्यक्तिमत्त्वविकृतीची संकल्पना मांडली.

आत्मइजेचे प्रमाण अतिभक्षण व वांती करणाऱ्यांत सामान्यतः अधिक असते. तथापि तिचे मूळ केवळ आवेगात नसते. कठोर आत्मनियंत्रण करणारे रुग्णही स्वतःस शिक्षा म्हणून इजा करून घेतात. असह्य ताण, लज्जा वा रितेपणा यांपासून क्षणिक सुटका हे दोन्ही वर्तनांचे समान कार्य होय. सुटकेमागून अपराधभाव येतो व चक्र पुन्हा सुरू होते.

म्हणून एकच वर्तन दडपल्यास दुसरे बळावण्याचा संभव असतो. दोहोंवर एकत्रित उपचार करणे व भावना सावरण्याची कौशल्ये शिकविणे इष्ट ठरते. मार्शा लिनेहन यांची द्वंद्वात्मक वर्तनोपचार पद्धती याच तत्त्वावर आधारलेली आहे. अशा व्यक्तींत आत्महत्येचा धोकाही वाढलेला असतो. त्यामुळे आत्मइजेस लक्ष वेधण्याचे ढोंग न मानता, दोष न देता, त्याविषयी स्पष्टपणे विचारणे आवश्यक आहे. असे विचारल्याने धोका वाढत नाही. उलट मदतीचा मार्ग खुला होतो.