बर्फाचा मॉन्सून

नकाशावर फ्रान्समधल्या मार्सेय शहरावर बोट ठेवा आणि अक्षांशाची रेघ धरून पूर्वेकडे सरकत जा. इटली लागेल, मग काळा समुद्र, कास्पियन समुद्र, मध्य आशियातली वाळवंटं, रशियाचं व्लादिवोस्तोक. त्यापुढे एक समुद्र ओलांडला की बोट जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर येईल आणि सप्पोरो शहर सापडेल. मार्सेय आणि सप्पोरो, दोन्ही त्रेचाळीस अंश उत्तरेला. मार्सेयमध्ये बर्फ पडला तर त्याची बातमी होते. सप्पोरोत एका हिवाळ्यात सरासरी ४.८ मीटर बर्फ पडतो. पडलेला बर्फ दबत, खचत जातो, त्यामुळे जमिनीवरचा थर एका वेळी साधारण मीटरभरापर्यंतच चढतो. पण आकाशातून उतरतो तो एवढा सगळा. आणि हे काही डोंगरातलं खेडं नव्हे. इथे वीसेक लाख माणसं राहतात. नागपूरपेक्षा थोडं लहान असलेलं हे शहर दरवर्षी चार महिने बर्फात असतं आणि तरी सहसा थांबत नाही.

पुण्याहून इथे राहायला आल्यावर मला पहिला प्रश्न पडला तो हाच: एवढा बर्फ येतो कुठून? ध्रुवाजवळच्या कितीतरी जागा सप्पोरोपेक्षा खूप थंड आहेत, पण तिथे याच्या निम्मासुद्धा बर्फ पडत नाही. नुसती थंडी बर्फ देत नाही. त्यासाठी पाणी लागतं, आणि ते पाणी आकाशात उचलून नेणारा वारा लागतो. हा वारा कोणता हे कळलं तेव्हा मला विलक्षण आनंद झाला, कारण त्याच्याशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख आहे. तो मॉन्सून आहे.

जमीन लवकर तापते आणि लवकर निवते. समुद्राला दोन्ही गोष्टींना वेळ लागतो. उन्हाळ्यात आशिया खंड तापतो, त्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरचे बाष्पाने भरलेले वारे आत येतात. आपला नैर्ऋत्य मॉन्सून तो हाच. हिवाळ्यात हे सगळं उलटं होतं. सैबेरियाची जमीन गारठून जाते, तिच्यावरची हवा जड होऊन खाली बसते आणि तिथे उच्च दाबाचा प्रचंड साठा तयार होतो. मग वारे खंडाकडून समुद्राकडे सुटतात. दक्षिणेला येऊ पाहणाऱ्या या हवेला हिमालय आणि तिबेटचं पठार आडवं येतं. महाराष्ट्रातल्या जानेवारीत एका स्वेटरवर भागतं, त्यात या भिंतीचा मोठा वाटा आहे. पूर्वेला मात्र अशी भिंत नाही. तिकडे जपानचा समुद्र आहे.

सैबेरियातून निघालेली हवा हाडं गोठवणारी असते, पण कोरडी ठणठणीत. तशीच राहिली असती तर जपानला थंडी मिळाली असती, बर्फ नाही. पण जपानच्या समुद्रात दक्षिणेकडून त्सुशिमा नावाचा उबदार प्रवाह येतो. भर हिवाळ्यातही त्या पाण्याचं तापमान शून्याच्या बरंच वर असतं. गोठलेली हवा या पाण्यावरून वाहू लागते तेव्हा तिला खालून ऊब मिळते आणि बाष्पही. ती वर चढते, ढग धरते. उपग्रहाच्या छायाचित्रात खंडाच्या किनाऱ्यापासून काही अंतर समुद्र मोकळा दिसतो आणि मग पांढऱ्या ढगांच्या ओळींमागून ओळी, नांगरलेल्या शेतातल्या तासांसारख्या, जपानकडे निघालेल्या दिसतात. कोरडा वारा वाटेतच पाणीदार झालेला असतो.

पुढचं काम डोंगर करतात. जपानच्या मधोमध डोंगररांगांचा कणा आहे. पश्चिमेकडून आलेले ढग त्याला अडून वर चढतात आणि तिथेच रिते होतात. पलीकडे उतरणारी हवा कोरडी असते. म्हणून जपानचा पश्चिम किनारा बर्फात गाडलेला असतो, त्याच दिवशी पूर्वेकडच्या टोकियोत लख्ख ऊन असतं. सह्याद्रीच्या माथ्यावरचं महाबळेश्वर चिंब आणि फलटण कोरडं, तोच हा न्याय. सप्पोरोची गोष्ट याहून थोडी निराळी आहे. शहराच्या वायव्येला इशिकारीचा उपसागर आहे आणि तिथून आतवर सपाट मैदान पसरलंय. वारा त्या बाजूचा असला की ढगांची एखादी ओळ थेट मैदानात शिरते. मग शहराच्या एका भागात समोरचं घर दिसू नये इतका बर्फ पडत असतो आणि काही किलोमीटरवर निळं आकाश असतं. ऊन आणि श्रावणसर यांचा लपंडाव पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटतं, पण परकं वाटत नाही.

आता त्या ढगाच्या आत जाऊ. ढगातलं पाणी शून्य अंशाला लगेच गोठत नाही. शुद्ध पाण्याचे बारीक थेंब शून्याच्या खूप खालीही द्रवच राहतात. धुळीचा एखादा कण मिळाला की त्याच्यावर बर्फाचा पहिला अंश बसतो आणि मग आजूबाजूचं बाष्प त्याच्यावर जमू लागतं. बर्फात पाण्याचे रेणू षटकोनी जाळीत बसतात, म्हणून स्फटिकही सहा बाजूंचा होतो. हा सहाचा आकडा कुठून येतो, असा प्रश्न योहानेस केपलर या खगोलशास्त्रज्ञाने १६११ साली एका छोट्या पुस्तिकेत विचारला होता. त्या वेळी रेणूंची कल्पनाच नव्हती, पण अगदी बारीक कण एकमेकांना खेटून कसे बसतात याच्याशी उत्तराचा संबंध असावा, इथवर त्याचा विचार गेला होता.

त्यापुढचा मोठा टप्पा याच शहरात गाठला गेला. उकिचिरो नाकाया हे भौतिकशास्त्रज्ञ १९३० साली सप्पोरोच्या विद्यापीठात रुजू झाले. महागडी उपकरणं हाताशी नव्हती, बर्फ मात्र हवा तेवढा होता. त्यांनी होक्काइदोच्या डोंगरात जाऊन हजारो स्फटिकांची छायाचित्रं काढली, त्यांचे प्रकार लावले आणि मग स्वतःच स्फटिक घडवायचं ठरवलं. अडचण अशी की ढगातला स्फटिक तरंगत वाढतो. प्रयोगशाळेत त्याला टांगायचं कशावर? धाग्यावर नुसतं दहिवर धरायचं. शेवटी उपयोगी पडला सशाचा केस. त्यावरच्या नैसर्गिक तेलकट गाठींवर एकेक स्फटिक सुटा वाढू लागला आणि मार्च १९३६ मध्ये माणसाने घडवलेला पहिला हिमस्फटिक तयार झाला. ती प्रयोगशाळा जिथे होती तिथे विद्यापीठाच्या आवारात आज एक षटकोनी स्मारकशिळा आहे.

नाकायांनी तापमान आणि बाष्प बदलत बदलत शेकडो प्रयोग केले आणि हाती आला एक साधा, अद्भुत नियम. उणे दोन अंशांच्या आसपास पातळ चकत्या तयार होतात. उणे पाचला सुया आणि पोकळ खांब. उणे पंधराला पुन्हा चकत्या, आणि बाष्प भरपूर असेल तर सहा फांद्यांची ती नक्षीदार चांदणी. खाली येताना स्फटिक वेगवेगळ्या थरांतून जातो आणि प्रत्येक थरात त्याची वाढ वेगळी होते. एवढ्याशा स्फटिकाच्या सहाही फांद्या एकाच हवेतून गेलेल्या असतात, म्हणून सारख्या वाढतात. दोन स्फटिकांच्या वाटा मात्र तंतोतंत एक नसतात, म्हणून जोडीचा स्फटिक सापडत नाही. स्फटिकाच्या आकारावरून वरच्या हवेचा हालहवाल सांगता येतो, ही नाकायांची दृष्टी मला या शहराने दिलेली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

या फांद्यांमुळेच ताज्या बर्फाचे सगळे चमत्कार घडतात. स्फटिक एकमेकांवर अलगद अडकून बसतात आणि मधल्या जागेत हवा राहते. थंडीतल्या ताज्या बर्फाच्या थरात नव्वद टक्क्यांहून अधिक हवाच असते. त्या पोकळ्यांत आवाज शिरतो आणि जिरतो, म्हणून बर्फ पडत असताना भर रहदारीचा रस्ताही निवांत होतो. त्याच हवेमुळे थराखालची माती उबेत राहते. बर्फ स्वतः पारदर्शक असला तरी असंख्य पृष्ठभागांवरून प्रकाश विखुरतो, म्हणून तो पांढरा दिसतो. शहराचे दिवे खालून बर्फावर आणि वरून ढगांवर उजळत राहतात, त्यामुळे बर्फाळ रात्र काळी नसतेच. जानेवारीत इथे सरासरी तापमान उणे तीन अंशांच्या आसपास असतं. अशा थंडीतला बर्फ अंगावर पडला तरी भिजवत नाही. दारात उभं राहून कोट झटकला की झालं.

रत्नागिरीकर जसा पावसाची कुरकुर न करता कौलं शाकारतो, तसं हे शहर बर्फाची तयारी करतं. रहदारीचे सिग्नल उभे, म्हणजे त्यांच्यावर बर्फ साचायला जागाच कमी. रस्त्याच्या कडेला उंच खांबांवर खाली तोंड केलेले लाल-पांढरे बाण, म्हणजे बर्फात कड हरवली तरी वाहनचालकाला ती कळते. अनेक घरांची छपरं मध्याकडे उतरती, म्हणजे बर्फ शेजाऱ्याच्या डोक्यावर न घसरता छपरावरच वितळून नळातून खाली जातो. ट्रामचे रूळ साफ करायला बांबूच्या काड्यांचे फिरते कुंचले लावलेली खास गाडी पहाटे निघते. इथली भुयारी रेल्वे १९७२ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या तोंडावर सुरू झाली. ती रबरी टायरवर धावते, आणि तिचा उघड्यावरचा भाग सबंधच्या सबंध छताखाली झाकलेला आहे. निसरड्या कोपऱ्यांवर बारीक खडीच्या पिशव्या ठेवलेल्या असतात. चालणाऱ्यानेच एक उचलायची आणि वाटेवर पसरायची. मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी केलेलं हे काम मला फार भावतं.

आणि वर्दीही मिळते. ऑक्टोबर सरत आला की हवेत पांढऱ्या लोकरीसारखं मेण अंगावर वागवणारे इवले मावा जातीचे कीटक उडू लागतात. ते दिसले की आठवड्या-दोन आठवड्यांत पहिला बर्फ येणार असं इथले लोक म्हणतात आणि टायर बदलायला काढतात. पावशाची हाक ऐकून पेरणीच्या तयारीला लागणाऱ्या शेतकऱ्याला हे लगेच उमजेल.

फेब्रुवारीत ओदोरी बागेत हिममहोत्सव भरतो. १९५० साली शाळकरी मुलांनी इथे बर्फाच्या सहा मूर्ती केल्या, तिथून तो सुरू झाला. आज इमारतीएवढी शिल्पं उभी राहतात आणि काही दिवसांनी मोडून टाकली जातात. इसामू नोगुची या शिल्पकाराने आराखडा केलेल्या मोएरेनुमा बागेत त्याहून मोठं नवल आहे. पूर्वी तिथे शहराचा कचरा टाकत. आज तिथे काचेचा पिरॅमिड आहे, आणि हिवाळ्यात साठवलेल्या बर्फाच्या गारव्यावर तो उन्हाळ्यात थंड ठेवला जातो. अडचण म्हणून बाजूला सारायची ती गोष्ट इथे साठवणीची झाली आहे.

उत्तरेकडच्या एखाद्या शहरात नव्याने राहायला जाणाऱ्या मराठी माणसाला माझं एवढंच सांगणं आहे: चांगले बूट घ्या, छोटी पावलं टाका, आणि एक साधं भिंग खिशात ठेवा. बर्फ सुरू झाला की गडद लोकरी बाही पुढे धरा. सुया दिसल्या तर ढगात उणे पाचच्या आसपासची हवा आहे. सहा फांद्यांची चांदणी दिसली तर उणे पंधराची, भरपूर बाष्पाची. हा बर्फ कुठल्या जमिनीवरून निघाला, कुठल्या समुद्राचं पाणी प्याला, कुठल्या डोंगराला अडला, हे शोधून काढा. मृगाच्या पहिल्या सरीची वाट पाहत वाढलेल्या माणसाला ऋतूची वाट पाहायला कोणी शिकवावं लागत नाही. नवं शहर आपलं व्हायला तेवढं भांडवल भरपूर आहे.