आजोबा, टाळ घ्या!

नेसरी म्हटले की १६७४ सालची खिंड आणि सेनापती प्रतापराव गुजर आठवतात. आज मात्र आम्हांस लिहायचे आहे ते देवळातल्या टाळांविषयी.

शेत मुलाच्या हाती दिले, शेअर त्याच्या नावावर केला, नातवंडे पुण्या-मुंबईस गेली. मग जन्मभर उसाला पाणी पाजलेला माणूस कट्ट्यावर बसून राहतो. "आता आमचं काय, दिवस मोजायचं," हे आपल्या भागात घरोघरी ऐकू येते. म्हातारीच्या वाट्याला तर कट्टाही नाही.

अशांना आमचे सांगणे आहे, भजन नुसते ऐकू नका, शिका. "ह्या वयात गळा कुठला?" म्हणू नका. बुवा एक चरण सांगतात, मागचे तोच उचलतात; चुकणाऱ्याचा आवाज दहाजणांत खपून जातो. दम पुरवावा लागतो, ठेका धरावा लागतो, पाठांतर होते. आणि दोन दिवस कोणी आला नाही, तर "म्हातारं का दिसंना झालंय?" म्हणत कुणीतरी दारात येते. लाऊडस्पीकरवर भजन लावून यातले काही साधत नाही, शेजाऱ्याची झोप तेवढी मोडते.

घोळक्याने गाणे शिकवण्याची वाट रुळवली ती आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाने. कुरुंदवाडला १८७२ साली जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि गुरूच्या घरची विद्या वर्गात आणली.

इंग्लंडात पूर्व केंट भागात साठीपुढच्या २५८ जणांची पाहणी झाली. त्यातल्या काहींना १४ आठवडे एकत्र गायला बसवले. २०१५ साली निष्कर्ष छापून आला, की गाणाऱ्यांची चिंता व उदासी कमी झाली. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या २०१८ च्या पाहणीत एकटेपणा घटला, जगण्यात रस वाढला. मात्र स्मरणशक्तीत व अंगातल्या ताकदीत ठळक फरक दिसला नाही. तेव्हा टाळ हाती आला म्हणून बी.पी.ची गोळी कोणी सोडू नये!

संध्याकाळी डेअरीला दूध घालून आल्यावर तासभर पुरे. गुडघे दुखणाऱ्यांसाठी देवळात चार खुर्च्या ठेवाव्यात. आजीबाईंना तेवढा वेळ चुलीपासून मोकळीक द्यावी, हे सुनांबरोबर मुलांनीही ऐकावे. पेटीवाला नसेल तर टाळांवर भागते. पहिला अभंग बसायला महिना लागला तरी घाई कुणाला आहे?