दुसऱ्याचे पैसे, आपला गेम?

संक्रांतीला घरी यवतमाळला गेलो होतो. पुढच्या खोलीत नेहमीसारखा कापसाचा ढीग. भाव वाढेल म्हणून काकांनी अडवून ठेवलेला. त्याच ढिगाला पाठ टेकून माझा चुलतभाऊ रात्री लॅपटॉपवर अमेरिकेचं मार्केट बघत बसला होता. इंजिनिअर, वय २४, नोकरीचा शोध चालू. हळूच म्हणाला, "दादा, पन्नास हजार डॉलरचं अकाउंट भेटून राह्यलं मले. फक्त बारा हजार रुपये दे."

माझ्या पोटात गोळा आला. कारण हाच डायलॉग दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या फ्लॅटवर मी स्वतःलाच ऐकवला होता. एका परदेशी कंपनीची फी भरली, अकराव्या दिवशी बाद. परत भरली, परत बाद. घरी कुणाला पत्ता नाही. त्या रात्री पहिल्यांदा तोंड उघडलं.

फंडा काय आहे?

'प्रॉप' म्हणजे प्रोप्रायटरी. कंपनी स्वतःचे पैसे बाजारात लावते, ट्रेडर फक्त डोकं लावतो. आपल्याकडे दलाल स्ट्रीटवर जॉबर मंडळी ब्रोकरने दिलेल्या लिमिटवर सौदे करायची आणि नफ्यात वाटा घ्यायची. नवख्यांना पैसे देण्याचा सगळ्यात गाजलेला प्रयोग शिकागोचा. ट्रेडिंग शिकवता येतं की ते रक्तातच असावं लागतं, यावर रिचर्ड डेनिस आणि विल्यम एकहार्ट यांची पैज लागली. डेनिसने १९८३ मध्ये पेपरात जाहिरात देऊन माणसं निवडली, दोन आठवडे शिकवलं आणि वायदेबाजारात खेळायला स्वतःचे खरे डॉलर दिले. हेच ते 'टर्टल' ट्रेडर्स. फी? छे! पोरं बुडाली असती तर डेनिस बुडाला असता.

आजच्या ऑनलाइन कंपन्यांनी गाडी उलटी फिरवली. आधी तुम्ही फी भरायची, मग परीक्षा. पास झालात तर 'फंडेड' खातं आणि नफ्यातला ८०-९० टक्के वाटा. नापास झालात तर 'रीसेट'ची फी. आणि बऱ्याच ठिकाणी पास झाल्यावरही खातं सिम्युलेटेडच असतं. म्हणजे तुमची ऑर्डर बाजारात जातच नाही.

पन्नास हजार? दोन हजार म्हणा!

कंपनीगणिक आकडे बदलतात, पण नेहमीचा नमुना असा: खातं ५०,००० डॉलरचं, ३,००० कमवून दाखवायचे आणि २,००० पेक्षा जास्त घसरायचं नाही. मग तुमच्या हातात खरे किती? दोन हजार! नॅस्डॅकच्या मिनी वायद्यात एक अंक म्हणजे २० डॉलर. शंभर अंक विरुद्ध गेले की एका लॉटमध्ये खेळ खल्लास. गरमागरम दिवशी एवढ्याला चहा पिऊन येण्याइतका वेळ पुरतो.

त्यातून 'ट्रेलिंग ड्रॉडाउन'. खातं ५१,५०० वर गेलं की खालची रेघ ४८,००० वरून ४९,५०० वर सरकते. काही कंपन्या ती दिवसअखेर सरकवतात, काही तिथल्या तिथे. मी याच रेघेवर आपटलो. पदरचे म्हणावे तर फक्त पाचशे डॉलर गेले होते, पण खातं बंद!

मंजे आकडाच ना बे?

आमची खुसुरफुसुर काकांनी ऐकलीच. शांतपणे म्हणाले, "सौदा खरा नाही, माल खरा नाही, पैसा तेवढा आपला. मंजे आकडाच ना बे?"

काका बोलले ते अगदीच हवेत नव्हतं. मुंबईचा मटका सुरू झाला तोच न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजच्या उघडत्या आणि बंद होत्या भावांवर. भाव कापसाचा, पण बोंड कुणी बघितलेलं नाही!

पण भावाचीही बाजू आहे. इथे कापसाचा वायदा करायचा म्हटलं, तर एमसीएक्सच्या २०२३ च्या करारात एक लॉट ४८ खंडींचा, म्हणजे सुमारे १७ टन रुई. काकांच्या अख्ख्या ढिगातून तेवढी निघणार नाही. भांडवल नसलेल्या पोराला 'आम्ही पैसे देतो' हे वाक्य गोड लागणारच.

'प्रॉप' या शब्दाला वजन आहे तेही खरंच. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालानुसार २०२३-२४ मध्ये शेअर बाजाराच्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये प्रॉप ट्रेडर्सनी ३३,००० कोटींचा ढोबळ नफा कमावला. पण त्यातला ९६ टक्के अल्गोरिदमवाल्यांचा होता. त्याच अहवालात तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते. फी घेणारी कंपनी नाव पहिल्यांचं लावते आणि गिऱ्हाईक दुसऱ्यांतून शोधते.

फी भरण्याआधी

• कंपनी कमावते कशातून: ट्रेडरच्या नफ्यातून की नापासांच्या फीमधून? उत्तर गोलमाल असेल तर निघा.
• फंडेड खातं खरं की सिम्युलेटेड, हे करारात वाचा. जाहिरातीत नाही.
• ड्रॉडाउनची रेघ कधी सरकते ते विचारा.
• सेबीकडे नोंदणी आहे का? नसेल, तर पैसे अडकल्यावर सेबीच्या 'स्कोअर्स'वर दाद मिळणं विसरा. रिझर्व्ह बँकेची अलर्ट लिस्टही चाळा. ती सप्टेंबर २०२२ पासून निघते. यादीत नाव नाही म्हणजे कंपनी सेफ, असं मात्र नाही.

बारा हजार मी दिले नाहीत. वही दिली. म्हटलं, महिनाभर हेच नियम, हीच रेघ, पण कागदावर. साहेब रुसले. टाटा करायलाही बाहेर आले नाहीत.

महिन्याने फोन आला. "दादा, तीनदा बाद झालो."

"फी किती झाली असती?"

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाला, "छत्तीस हजार. बाबांना सांगू नको बाप्पा!"