शेजारच्या खुर्चीचा हेवा

भाताची लावणी सुरू झाली की जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात सापांची धास्तीही सुरू होते. नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार हे चार विषारी साप इथल्या लोकांना चांगले ठाऊक आहेत. त्यातली मण्यार सर्वांत फसवी. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश फारसा दुखत नाही, सूज जवळजवळ येत नाही, खूण शोधावी लागते. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळू लागते आणि मग श्वास मंदावतो.

असा रुग्ण वाचला की घरचे लोक डॉक्टरांच्या पाया पडतात. ते स्वाभाविकच आहे. पण तो डॉक्टरांपर्यंत कसा पोचला, हे मोजायला बसले तर यादी लांबत जाते. भगताकडे नेऊ नका, आधी १०८ ला फोन लावा, असे ठामपणे सांगणारी वाडीवरची आशा. घाटरस्त्याने येता येता ऑक्सिजन लावणारा रुग्णवाहिकेतला डॉक्टर. घाबरलेल्या माणसाच्या हातात पहिल्या प्रयत्नात शीर शोधणारी परिचारिका. प्रतिसर्पविषाच्या कुप्या संपण्याआधी मागणी नोंदवून ठेवणारा औषधनिर्माण अधिकारी. व्हेंटिलेटर मिळेपर्यंत हाताने फुगा दाबत राहणारा शिपाई. नारायणगावच्या विघ्नहर नर्सिंग होममध्ये डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांनी वर्षानुवर्षे सर्पदंशावर जे काम उभे केले, त्यातही रुग्णांवरच्या उपचारांइतकाच भर गावागावांतली जागृती आणि आरोग्य कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण यांवर राहिला आहे.

आणि या साखळीतल्या जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी वाटून गेलेले असते, की आपली खुर्ची चुकली, शेजारची बरी होती.

आशाला एएनएमचा हेवा वाटतो, कारण तिला महिन्याला पगार आहे आणि आशाला कामागणिक मोबदला. एएनएमला रुग्णालयातल्या परिचारिकेचा, कारण तिला वाड्यावस्त्या तुडवाव्या लागत नाहीत. परिचारिकेला डॉक्टरांचा, कारण निर्णय त्यांचा आणि मानही त्यांचा. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला मंचर किंवा नारायणगावात स्वतःचे रुग्णालय थाटलेल्या वर्गमित्राचा. त्या वर्गमित्राला, बँकेचे हप्ते भरताना, सरकारी नोकरीतल्या निवृत्तिवेतनाचा. आणि रात्री दोन वाजता शवविच्छेदनासाठी उठवलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला मनापासून हेवा वाटतो तो प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा, जो संध्याकाळी कुलूप लावून घरी गेलेला असतो. वर्तुळ पुरे होते, पण त्यात कुणी दुसऱ्याला हे बोलून दाखवत नाही.

मानसशास्त्राने या भावनेकडे बऱ्यापैकी गांभीर्याने पाहिले आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये मांडले, की आपण किती पाण्यात आहोत हे माणूस इतरांशी तुलना करूनच ठरवतो, आणि ही तुलना तो आपल्यासारख्यांशीच करतो. आशा सेविका मुंबईतल्या हृदयशल्यविशारदाचा हेवा करत बसत नाही. टोचतो तो शेजारच्या टेबलावरचा माणूस. २००९ मध्ये जपानमधील संशोधकांनी १९ जणांच्या मेंदूची प्रतिमा घेऊन दाखवले, की आपल्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या क्षेत्रात आपल्यापेक्षा सरस ठरलेल्या व्यक्तीबद्दल वाचताना मेंदूचा जो भाग अधिक सक्रिय होतो, तो वेदनेशी आणि मनातल्या संघर्षाशीही जोडलेला आहे. ‘पोटात दुखते’ असे मराठी माणूस म्हणतो. अवयव चुकला असेल, पण निदान बरोबर होते.

त्याच वर्षी नेदरलँड्समधील नील्स व्हॅन दे व्हेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेव्याचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. डच भाषेत त्यासाठी दोन शब्दच आहेत. एकात समोरच्याची पायरी गाठावीशी वाटते, दुसऱ्यात त्याला खाली ओढावेसे वाटते. मराठीतही हेवा आणि मत्सर यांच्यात असाच फरक आहे, जरी रोजच्या बोलण्यात आपण तो पाळत नाही. पुढच्या एका अभ्यासात या गटाला असे आढळले, की पहिल्या प्रकारचा हेवा वाटणारे विद्यार्थी अधिक अभ्यास करायचे ठरवतात आणि चाचणीतही बरी कामगिरी करतात. नुसते कौतुक करणाऱ्यांत हा परिणाम दिसला नाही. मात्र अट एक होती. वर जाण्याचा मार्ग आपल्यासाठी खुला आहे, असे त्या व्यक्तीला वाटायला हवे. मार्गच बंद दिसत असेल, तर हेवा माणसाला पुढे ढकलत नाही.

ही अट जुन्नर-आंबेगावातल्या बारावीच्या मुलामुलींना थेट लागू पडते. इथे आरोग्यक्षेत्र म्हणजे डॉक्टर, असे समीकरण घट्ट आहे. नीट परीक्षेत गुण कमी पडले की एक वर्ष, मग दुसरे वर्ष, पुण्यात खोली, क्लासची फी, आणि त्यासाठी कांद्याच्या किंवा टोमॅटोच्या पट्टीतले पैसे. पश्चिमेकडच्या महादेव कोळी कुटुंबात तर हिरडा विकून जमवलेले. तिसऱ्या वर्षी मुलगी नर्सिंगला जाते, तेव्हा ती नर्सिंग निवडत नसते, डॉक्टरकी सोडत असते. घरातही ‘शेवटी नर्सिंगला घातली’ असेच वाक्य असते. या ‘शेवटी’मध्येच पुढच्या वीस वर्षांच्या हेव्याचे बी पेरले जाते. रुग्णालयात रोज तीच खुर्ची समोर दिसते, जी आपल्याला मिळाली नाही.

खरे तर सर्पदंशाचेच उदाहरण घेतले, तर कोणते काम वरचे आणि कोणते खालचे हे ठरवणे कठीण जाते. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्ताची गोठण्याची क्रिया बिघडवते. ते ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. दोन मिलिलिटर ताजे रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या परीक्षानळीत घ्यायचे, २० मिनिटे हलवायचे नाही, मग नळी एकदा तिरपी करायची. रक्त वाहिले तर ते गोठलेले नाही, म्हणजे प्रतिसर्पविष द्यायलाच हवे. एवढी साधी चाचणी. पण नळी प्लास्टिकची असेल, किंवा साबणाच्या पाण्याने धुतलेली असेल, तर चांगले रक्तही गोठत नाही आणि निष्कर्ष चुकतो. मधेच कुणी नळी उचलून पाहिली तरी चुकतो. विषावरच्या उपचाराचा मोठा निर्णय अशा रीतीने नळी कुणी आणि कशाने धुतली यावर येऊन ठेपतो.

प्रतिसर्पविषाच्या मात्रेतही एक गोष्ट आहे, जी अनुभवी परिचारिकेला पाठ असते आणि नवख्या डॉक्टरला कधी कधी सांगावी लागते. लहान मुलाला मात्रा कमी द्यायची नसते. सापाने मुलाला विष कमी दिलेले नसते, म्हणून कुप्याही मोठ्या माणसाइतक्याच. आणि औषध सुरू करताना अ‍ॅड्रेनॅलीन भरून हाताशी ठेवायचे, कारण घोड्याच्या रक्तापासून बनलेल्या या औषधाची तीव्र प्रतिक्रिया काही मिनिटांत येऊ शकते. ती आधी कुणाच्या लक्षात येते? जो खाटेजवळ उभा असतो त्याच्या, आणि बहुतेक वेळा ती परिचारिकाच असते.

देशाच्या पातळीवर हा प्रश्न केवढा आहे, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासातून कळते. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये कृती आराखडा आणला आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे लक्ष्य ठेवले. ते गाठायचे तर नुसते डॉक्टर वाढवून भागणार नाही.

तरीही प्रत्येक हेवा मनाचा खेळ आहे असे मानून गप्प बसणे सोयीचे असले, तरी न्याय्य नाही. आशा योजना २००५ मध्ये सुरू झाली ती स्वयंसेविका या नात्याने. काम वाढत गेले, नाव स्वयंसेविकाच राहिले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला, आणि २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना मानधनवाढीसाठी संपावर जावे लागले. पावसात माळीण-अडिवरेच्या बाजूची वाट चालणाऱ्या बाईला पगारदार सहकाऱ्याबद्दल जे वाटते, त्याला हेवा म्हणू नये. तो हिशोब आहे. त्याचे उत्तर समुपदेशनात सापडणार नाही, वेतनपत्रकातच द्यावे लागेल. कंत्राटी समुदाय आरोग्य अधिकारी आणि कायम नोकरीतले डॉक्टर यांच्यातल्या धुसफुशीचेही तसेच.

हिशोबाचा भाग बाजूला काढल्यावर जे उरते, त्यावर अमेरिकी संशोधक एमी झेस्नेव्स्की आणि जेन डटन यांचे काम उपयोगी आहे. २००१ मध्ये त्यांनी रुग्णालयातल्या सफाई कामगारांबद्दल लिहिले. तेच काम, तोच पगार, पण काहींच्या लेखी ते फरशी पुसणे होते, तर काहींच्या लेखी रुग्ण बरा होण्यातला आपला वाटा. दुसऱ्या गटातले लोक रुग्णांशी बोलत, नातेवाइकांना वाट दाखवत, परिचारिकांच्या वेळा पाहून आपले काम आखत. हे कुणी त्यांना शिकवले नव्हते. अर्थात याचा दाखला देऊन व्यवस्थापनाने पगार टाळावा, असे त्यांनी कुठे म्हटलेले नाही, आणि आपल्याकडे नेमके तसे होण्याचा धोका आहे.

बारावीनंतर निवड करताना मुलांना सहसा जे सांगितले जात नाही, ते वाटांबद्दल आहे. एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा. जीएनएम झालेल्या परिचारिकेला पुढे दोन वर्षांत पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते, त्यानंतर एम.एस्सी., अध्यापन. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा पॅरामेडिकल तंत्रज्ञानाचा पदवी अभ्यासक्रम आहे, ज्यातून प्रयोगशाळा, शस्त्रक्रियागृह, क्ष-किरण, डायलिसिस अशा शाखांत जाता येते. डी.फार्म. दोन वर्षांचे, बी.फार्म. चार वर्षांचे. फिजिओथेरपिस्ट, तंत्रज्ञ आणि अशा इतरांसाठी २०२१ मध्ये स्वतंत्र राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, म्हणजे या पेशांना कायद्याने नाव मिळाले. एमबीबीएसला साडेचार वर्षे आणि वर्षभराची आंतरवासिता, आणि सरकारी महाविद्यालयातून झाले तर वर्षभराची बंधनकारक सेवा. पदव्युत्तर शिक्षण धरले तर तिशी कधी उजाडते, हे त्या वाटेवरून गेलेल्यालाच विचारावे.

विचारायला लांब जावे लागत नाही. मंचरचे उपजिल्हा रुग्णालय आणि घोडेगाव, नारायणगाव, जुन्नरची ग्रामीण रुग्णालये हाकेच्या अंतरावर आहेत. एखाद्या ओळखीच्या परिचारिकेला किंवा तंत्रज्ञाला भेटून, त्यांचा दिवस कधी सुरू होतो आणि कशाने संपतो, सुट्टी किती मिळते, बदली कुठे होते, महिन्याच्या शेवटी हातात काय पडते, असे चार सरळ प्रश्न विचारले तर माहितीपुस्तिकेतून कळणार नाही ते कळते. प्रश्न दोघांना विचारावेत, जी खुर्ची हवी आहे त्या माणसाला आणि त्याच्या शेजारी बसणाऱ्यालाही. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाची चौकशी घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात होते, आणि जातवैधता प्रमाणपत्राचा अर्ज निकाल लागण्याची वाट न पाहता अकरावीतच केलेला बरा.